सुधाताई रडल्या नाहीत

भूमिका कोणतीही असो, सुधाताईंचा पहिला प्रश्न एकच, "ही बाई हातानं काय करत असते?" डायलॉग किती, एंट्री कधी, ते सगळं नंतर. आमच्या इंदूरच्या हौशी नाटक मंडळीत मी कपडे सांभाळायचे, त्यामुळे विंगेत उभी राहून त्यांची बहुतेक नाटकं पाहिली. सासू असो की राणी, बाई कधी आवाज चढवायची नाही. पुढच्या रांगेतले काका मध्यंतरात कुरकुरायचे, "ह्या काही करतच नाहीत हो!" आणि घरी जाताना बोलायचे मात्र त्यांच्याबद्दलच.

पलासियातल्या एका बँकेत त्यांनी उभा जन्म काउंटरवर काढला. म्हणायच्या, "अगं कुसुम, खरं दुःख झालेला माणूस ओरडत नाही. तो पेन मागतो, आणि दिलेलं पेन नुसतं हातात धरून उभा राहतो." अभिनयाचं शिक्षण म्हणाल तर हेच.

एकदा फिल्म क्लबमध्ये आम्ही दोघी एक फ्रेंच पिक्चर पाहायला गेलो. भाषा कळेना, खालची इंग्रजी अक्षरं मला वाचून होईनात. नवरा घर सोडून निघालाय आणि ती नटी आपली त्याच्या शर्टाची बटणं लावतेय! परतताना रिक्षात सुधाताई म्हणाल्या, "तिनं भुवईसुद्धा उचलली नाही गं, आणि इथं माझा पदर भिजला. मला पिक्चरमध्ये असं एक काम मिळावं. बस, एकच."

ते चालून आलं रिटायर झाल्यावर. मुंबईची मंडळी हिंदी पिक्चरच्या शूटिंगला इंदूरला आली होती. सुधाताईंना आईचं काम मिळालं. मुलाचं प्रेत घरी आणतात, एवढा एकच सीन, पण चेहरा पडदाभर दिसणार. साडी नेसवायला मी सोबत गेले.

दिग्दर्शक तरुण. पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, "अम्माजी, बॉडी दिखते ही जोर से चीखना है. छाती पीटिए."

"बेटा, दरवाजे में इतनी चप्पलें पडी हैं," सुधाताई म्हणाल्या. "उठाके लानेवाले गिर जाएंगे. मां पहले चप्पलें हटाएगी."

"अम्माजी, पब्लिक को रोना आना चाहिए."

"तो पब्लिक रोएगी ना! मैं क्यों रोऊं?"

सगळे हसले, तो नाही हसला. त्याचा शूटिंगचा उजेड चालला होता. "चीखना हो तो बोलिए, नहीं तो दूसरी अम्मा बैठी हैं."

मी त्यांचा हात दाबला. कानात म्हटलं, "ताई, ओरडा ना एकदा! जन्मभर वाट पाहिलीत."

"ह्याची नव्हती पाहिली गं," म्हणाल्या, आणि खुर्चीवरून उठल्या.

आईचं काम दुसरीला गेलं. सुधाताईंना गर्दीत शेजारीण म्हणून उभं केलं. मला वाटलं, आता ह्या घरी चल म्हणतील. छे! "शेजारीण तर शेजारीण. तिलाही हात आहेतच की." त्या दुसऱ्या बाईनं काय टाहो फोडला म्हणता! आणि मागं, दाराच्या कोपऱ्यात, सुधाताई वाकून एकेक चप्पल भिंतीकडे सरकवत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचं लक्षही नव्हतं.

पुढचं आजवर कुणाला बोलले नाही. आता त्याच नाहीत, तर सांगते. पिक्चर आला तेव्हा विजय नगरला माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, मोठ्या टीव्हीसमोर, आम्ही बिल्डिंगमधल्या बायका जमलो. सुधाताईंनी आधीच बजावलं होतं, "माझं नाव काढायचं नाही हं."

सीन आला. टाहो झाला. शेवेची वाटी आपली या हातातून त्या हातात फिरतच होती. मग मागची ती वाकलेली बाई दिसली, क्षणभरच, आणि वाटी जिथल्या तिथं थांबली. वरच्या मजल्यावरची सपना नाक ओढत शेजारी वळली. "हाय राम! वो चप्पलवाली आंटी कौन थी? उसने तो रुला दिया यार."

शेजारी सुधाताईच बसल्या होत्या.

मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की बस.

"होगी कोई पडोसन," त्या म्हणाल्या, आणि आपला रुमाल सपनाच्या हातात दिला.