पाण्याला टिकलेली काहील

धाकट्या दिराने त्या काहिलीला हात लावला तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

कुवेत शहरातल्या मिरकाब वस्तीत आमची एक खोली होती, पुढे वाळूचं अंगण. नवरा एका कचेरीत कारकून. दीर रत्नागिरीकडे बोटी बांधायचा. मोठ्या भरवशाने कुवेतला आला आणि पाहतो तर किनाऱ्यावर लाकडी जहाजं बांधणं बंद पडत आलेलं. जो तो तेलाच्या कामामागे लागलेला. याला कधी दारं-खिडक्या दुरुस्त करायचं काम मिळे, कधी तेही नाही. जेवायला बसला की एका भाकरीवर उठायचा.

"भाभी, आयतं खायची शरम वाटते," म्हणायचा.

मी चिडायचे. मी काय भाकऱ्या मोजत होते?

मग बाजारातला एक दुकानदार त्याला म्हणाला, खजुराचा घट्ट पाक करून आण, चांगला असेल तर दर आठवड्याला घेईन. दिराच्या अंगात वारंच शिरलं. आपल्याकडे उसाचा रस आटवायला मोठी काहील असते ना, तशीच करायची, पण उथळ आणि ऐसपैस, म्हणजे रस लवकर आटेल. "जमलं तर हितंच सोताचं पोट भरीन. नाय जमलं तर गावची बोट पकडतो," त्याने भावाला सांगून टाकलं.

भंगारात पडलेल्या पाण्याच्या टाकीचा पत्रा त्याने आणला, घासून लख्ख केला, कापला, कडा दुमडल्या, रिवेट ठोकले. तरी सांध्यांतून उजेड दिसत होता. गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगवाला होता. त्याच्याकडे ने, असं मी दहादा सांगितलं. तो हसला.

"भाभी, मी ठोकलेल्या सांध्यातनं दर्या आत येत नाय, तर रस काय बाहेर जानार?"

आणि बसला की बोटीला करतात तेच करत. तेलात भिजवलेला कापूस बोथट छिन्नीने सांध्यांत ठोकला, वर राळ वितळवून ओतली. मग काहील चार विटांवर ठेवून त्याने आमचं प्यायचं पाणी तिच्यात ओतलं. गाडीवाल्याकडून विकत घेतलेलं गोडं पाणी! मी डोक्याला हात लावला, तोंडाला येईल ते बोलले. तो ओततच राहिला.

सकाळी पाहिलं तर खालची वाळू कोरडी ठाक. नवऱ्याने वाकून खालून हात फिरवला. मीसुद्धा शाबास म्हटलं, राग विसरून. आम्ही तिघंही खाडीकाठची माणसं. भांडं गळतं का, एवढंच आम्ही पाहिलं. तिच्याखाली जाळ पेटणार आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आज सांगतानाही मला याचा धक्का बसतो.

शुक्रवारी नवऱ्याला सुट्टी होती. खजूर भिजवून, कुस्करून, माझ्या जुन्या ओढणीतून गाळलेला रस काहिलीत पडला. खाली सागाच्या ढलप्या पेटल्या. रस उकळायला लागला तसा गोड वास सुटला, शेजारणी डोकावून गेल्या. दीर खुशीत गुणगुणत होता. मग त्या गोड वासात दुसराच उग्र वास मिसळला. राळेचा.

मी ओरडायच्या आत कोपऱ्यातला सांधा पाझरू लागला, कापूस सुटून लोंबला आणि उकळता रस भसकन बाहेर आला.

आणि त्याने उजवा तळहात त्या भोकावर दाबून धरला.

बोटीत पाणी शिरलं की पहिला हात लावायचा, मग बाकीचं बघायचं. लहानपणापासून त्याच्या हाताला हेच ठाऊक. तो किंचाळलाही नाही. "भाभी, चिंधी द्या, चिंधी!" एवढंच म्हणत होता. रस त्याच्या बोटांमधून वाहत होता आणि मी जागच्या जागी खिळले होते. नवऱ्याने त्याला मागे ओढलं तेव्हा तळव्याची कातडी पत्र्यालाच राहिली. ते मी पाहिलं. पाहायला नको होतं.

डॉक्टरांनी हात पार मनगटापर्यंत बांधून टाकला. बोटं पूर्वीसारखी मिटणार नाहीत म्हणाले. दीर मान हलवत राहिला, दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकल्यासारखा.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "भाभी, पानी भरलं तवा एक थेंब तरी गळला होता काय?"

"नाही रे. एकही नाही."

मी ताट वाढलं. डाव्या हाताने खाणं आमच्यात बसत नाही, आणि तो तर मरणाचा काटेकोर. बांधलेला हात मांडीवर घेऊन ताटाकडे बघत बसला. शेवटी मीच भाकरी कालवणात बुडवली आणि घास त्याच्या तोंडापाशी नेला.

त्याने डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं.