नऊ घरांच्या नऊ खोडी

आमच्या व्हाइडनरोड्यात मुक्कामाला येणाऱ्या माणसाला आधी इर्मट्राउट झेनेवाल्डच्या तोंडाला तोंड द्यावं लागे. नगरपालिकेच्या तळमजल्यावर पर्यटकांची कचेरी आहे, तिथे ती एकतीस वर्षं बसली. गावात पाहुणे उतरवणारी नऊ घरं. कुठे खोली रिकामी आहे ते सांगायचं, पण कुणाची बाजू घ्यायची नाही, असा नियम होता. इर्मट्राउटनं तो काटेकोर पाळला. ती कुणाबद्दलच चांगलं बोलत नसे.

तिचं म्हणणं असं, की घरोघरी मातीच्या चुली. पांढरी चादर, पिसांची रजई, सकाळी पाव, अंडं आणि हॅम हे नऊच्या नऊ ठिकाणी सारखंच. तेव्हा माणसानं घराची खोड विचारावी आणि सोसवेल ती निवडावी. 'सोनेरी सांबर'ला त्रेचाळीस पायऱ्या आहेत, आणि मालक डील वीस वर्षं लिफ्ट बसवतोच आहे. जुन्या गिरणीतल्या तुळया इतक्या खाली, की उंच माणसाला टेंगूळ ठरलेलं. नदीकाठची ब्र्योमेलबाई न्याहारीला नवऱ्याच्या पित्ताशयाची गोष्ट सुरू करते, ती दुपारपर्यंत संपत नाही. आणि रोसविटाचं, म्हणजे माझं घर, चर्चला खेटून. दर पंधरा मिनिटांनी घंटा, रात्रभर. बाई स्वच्छ आहे, एवढं तरी जोडावं ना पुढे? नाव नको.

त्यामुळे डीलनं तिच्याविरुद्ध तक्रारअर्ज लिहिला तेव्हा मला बरंच वाटलं. ही बया आमच्या पोटावर पाय देते, असा एकंदर मजकूर होता. शनिवारी पावाच्या दुकानात रांगेत उभ्या उभ्याच मी सही करून टाकली.

नगराध्यक्षांनी इर्मट्राउटला बोलावून सांगितलं, चांगलं बोला नाहीतर खुर्ची सोडा. खुर्चीबरोबर कचेरीवरची राहती खोलीही जाणार होती. ती खोली सोडली तर बाईला जगात दुसरं छप्पर नव्हतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती.

तिनं प्रयत्न केला, हे मला सांगितलंच पाहिजे. तीन दिवस ती प्रत्येक घराबद्दल "सुंदर, शांत, मध्यवर्ती" एवढंच म्हणत होती. शांत! माझं घर! त्या शब्दावर विसंबून हांबुर्गचं एक जोडपं माझ्याकडे उतरलं. सकाळी सहाला त्यांनी दगडी गल्लीतून बॅगा अशा खडखडत नेल्या, की घंटा बरी. जाताना बाई वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी मला खोटारडी म्हणाली. साठ वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग माझी ट्यूब पेटली. इतकी वर्षं ही बाई माझ्याकडे कुणाला धाडत होती? कासेलचे दोघे म्हातारे, जे कानातली यंत्रं काढून मेल्यासारखे झोपायचे. एक रेल्वेतला जुना माणूस, ज्याला गडबडीशिवाय चैन पडत नसे. एक निवृत्त मास्तर यायचे. बायको गेल्यापासून त्यांची झोप उडालेली. ते म्हणायचे, आपल्याबरोबर घंटाही जागी असते, सोबत होते. सगळे खोड माहीत असून आलेले. मी पाहुणे घ्यायला लागल्यापासून अकरा वर्षांत एकाची तक्रार नाही, आणि मी समजत होते, की ती माझ्या जॅमची करामत.

चौथ्या दिवशी एका वयस्क जोडप्यानं 'सोनेरी सांबर'ची चौकशी केली. इर्मट्राउटनं आजोबांच्या काठीकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं आणि पायऱ्यांचा आकडा सांगून टाकला. मागे डील स्वतःच्या हॉटेलची पत्रकं रचत उभा होता.

दुपारपर्यंत निकाल लागला. तिच्या टेबलावर माहिती दाखवणारा काचेचा पडदा आला. बोट लावलं की नऊही घरांपुढे एकच, "सुंदर, शांत, मध्यवर्ती". ऑक्टोबरअखेर खोली रिकामी करायचा हुकूम निघाला.

मी तिला भेटायला हवं होतं. दोनदा कचेरीच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा शेजारच्या दुकानातून मीठ लावलेला पाव घेऊन परत आले. बाकीचे मात्र जाऊन आले. कुणी केक नेला, कुणी फुलं, डीलनं तर वाइनची बाटली. प्रत्येकानं तिला पटवलं, की आपल्याला दुसऱ्यांनी भरीला घातलं. येशील तर खोली देतो, असंही सगळे म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. दोन बॅगा, आणि बॅगेत न मावलेले दोन कोट अंगावर.

"आमच्याकडे घंटा वाजतात," मी म्हटलं.

"मला सांगतेस?"

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. "इर्मट्राउट, मीही सही केली होती."

"ठाऊक आहे. नगराध्यक्षांनी कागद नाकासमोर धरला होता माझ्या. आठ जणांनी असं गिरबटलंय, की कोण ते देवालाही कळू नये. तू एकटीनं पूर्ण नाव लिहिलंस. वर पत्ता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची जड बॅग मी उचलली आणि वाट दाखवायला पुढे झाले. जिन्यात तिनं मागून सांगितलं, की कठडा हलतोय, पाहुण्यांना आधी सांगत जा.