चाकं काढलीस का गो?

त्या वर्षी मी निदान चाळीस विमानं पाडली असतील, आणि त्यातलं एकही शत्रूचं नव्हतं. सगळी माझीच.

ऐंशीचं दशक निम्मं सरलेलं. धाकटे भाऊजी बोटीवर नोकरीला. त्यांनी येताना टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला आणि कॅसेटवर विमान चालवायचा खेळ. महायुद्धातलं स्पिटफायर! मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी लढाईत हीच विमानं दुरुस्त केलेली. आता काचबिंदूने त्यांची नजर नेली होती. पडद्यावर नुसतं धुकं दिसे. तरी शेजारी बसून विचारत, "उंची किती? वेग किती? चाकं काढलीस का गो?"

उतरण्याआधी पंखांत मिटलेली चाकं बाहेर काढावी लागत, ती मी हटकून विसरायची.

मॅट्रिकला गणितात पहिली आल्याचा तोरा तिशीतही उतरला नव्हता. पदर खोचून बसायची. विमान डावीकडे वळलं की मीही डावीकडे कलायची. सासूबाई म्हणत, "पाटावरून पडशील हो, विमान राहील वर."

मग कळलं, मुंबईला हवाई कसरती आहेत आणि त्यात एक खरं स्पिटफायर उडणार आहे. भाऊजींनी दोन पास मिळवले. एक अर्थात मामंजींचा. दुसऱ्यासाठी मी ठोकून दिलं, "मला न्या. दोनदा उतरवलंय मी विमान. तेव्हा घरात कोणी नव्हतं, एवढंच."

"मग उद्या सगळ्यांसमोर उतरव," मामंजी म्हणाले. "ज्याला विमान कळतं त्याचे डोळे हवेत मला. नाहीतर धाकटा येईल."

दुसऱ्या दिवशी अख्खं घर माजघरात. विमान खाली आणलं, धावपट्टी समोर दिसली, आणि पडदा काळा! मी रडवेली. तेवढ्यात विहिरीवरून घरघर ऐकू आली. पंप सुरू झाला की आमच्याकडे व्होल्टेज पडायचंच. आणि चारच्या शिपण्याला, म्हणजे पोफळीच्या बागेला पाणी द्यायला, पंप लावायचं काम सासूबाईंवर सोपवलं होतं कोणी? मीच. "आज तुम्ही लावा, मी आकाशात असेन," असं ऐटीत सांगून!

"वहिनी, पोफळींनी पाडलं तुम्हाला," भाऊजी हसून लोळले.

मामंजी हसले नाहीत. "पंप बंद करा. एक दिवस पाणी चुकलं तर पोफळी मरत नाहीत."

खेळ पुन्हा कॉम्प्युटरवर चढेपर्यंत कॅसेट पाच मिनिटं किंचाळली. या खेपेला मामंजींनी काहीच विचारलं नाही. नुसते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मी उंची मोठ्याने वाचत होते, वेग वाचत होते. अगदी शेवटी आपणहून ओरडले, "चाकं काढली!" एक दणका बसला, आणि विमान उभं राहिलं.

रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून आम्ही मुंबईला पोचलो. स्पिटफायर आलं तसं मी तोंड उघडलं, पण मामंजींनी बोट वर केलं. "थांब. आधी ऐकू दे." ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "सांग आता."

मी सांगितलं. निमुळते होत गेलेले गोल टोकांचे पंख, वळताना पोटावर चमकलेलं ऊन, सगळं. विमान उतरायला लागलं तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"चाकं?"

"काढली, मामंजी. दोन्ही."

मनगट सुटलं. शेजारी कोणी अनोळखी गृहस्थ होते. त्यांच्याकडे वळून मामंजी म्हणाले, "ही माझी सून. हे विमान उतरवते ती."

गृहस्थ माझ्या नऊवारीसारख्या खोचलेल्या पाचवारीकडे बघतच राहिले. मी मान ताठ केली. दोनदा उतरवल्याचं खोटं बोलले होते. एकदाचं मात्र खरं होतं.