तळहाताएवढं अंतर

दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायची वेळ आली तेव्हा मी घरात सगळ्यांवर वैतागत होतो. खरं म्हणजे घाबरलो होतो.

मी शाळेपासूनचा जाड चष्मेवाला. सकाळी डोळे उघडले की चष्मा लावायच्या आधी तळहात पाहायचा, ही आईची शिस्त. श्लोक कधीच सुटला, सवय राहिली. साऱ्या धूसर जगात तेवढाच हात मला बिनचष्म्याचा लख्ख दिसायचा. पहिल्या डोळ्यात हौसेनं लांबचं दिसणारं भिंग बसवून घेतलं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले सण दिसू लागले, पण त्या डोळ्याला माझा हात म्हणजे नुसता कणकेचा गोळा. दुसऱ्या डोळ्याला तो मळकट का होईना, दिसत होता. आता तोही गेला तर?

इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी मुलगी म्हणाली, "बाबा, बेस्ट असतं ते घ्या ना! लांबचं, जवळचं, दोन्ही दिसतं. रात्री दिव्यांभोवती थोडी वलयं दिसतात, बस."

"मला दिवाळी रोज नकोय," मी म्हणालो.

येलहंक्याच्या डॉक्टरीणबाई पिढ्यानपिढ्या इथल्याच मराठी घरातल्या, बोलण्यात अधूनमधून कन्नड मिसळणाऱ्या. त्यांनी विचारलं, "काका, चष्म्याशिवाय काय दिसायला हवं? पेपर? मोबाईल?"

बायको शेजारीच होती. चाळीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून काढलेल्या माणसानं काय सांगावं? तरी सांगितलं, "सकाळी माझा तळहात."

मला वाटलं, हसतील. त्यांनी चेहऱ्यापासून हातापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं. "सरी, ठीक आहे. मग हा डोळा जवळचाच ठेवू या. पहिल्या ऑपरेशनपासून तुम्ही एका डोळ्यानं लांबचं, दुसऱ्यानं जवळचं बघताय. चक्कर? डोकेदुखी?"

"छे! मला कळलंसुद्धा नाही."

"मग झाली की परीक्षा. काळजी कशाला?"

एवढे दिवस उगाच जीव टांगणीला लावला होता. बाहेर आल्यावर मी आपण होऊन बायकोला फिल्टर कॉफी पाजली. तिला संशयच आला.

ऑपरेशननंतर काही दिवस धुकट गेले. मग एका सकाळी डोळे उघडले, हात समोर धरला आणि रेघ न् रेघ दिसली. आईची फार आठवण आली. दाराशी चहा घेऊन उभी असलेली बायकोही स्पष्ट दिसत होती.

"दिसतंय?" तिनं विचारलं.

"दिसतंय. जरा इकडे ये. हात दे."

तिनं चहा ठेवला आणि हात पुढे केला. मी तो माझ्या हाताच्याच अंतरावर धरला, तशी ती ओढून घेऊ लागली. "इतक्या जवळून नका हो बघू. नुसत्या सुरकुत्या दिसतील."

"त्यासाठीच तर हे भिंग घेतलं," मी म्हणालो आणि हात सोडला नाही.