पाणी कोंडून तीन दिवस

माझ्या रोजच्या वहीत गेल्या दोन वर्षांत तेवीस घरं आली आहेत. आम्ही पाहिलेली आणि यांनी नाकारलेली. प्रत्येकापुढे एकेक ओळ आहे. 'उतार उलटा.' 'बेसिनमागे भिंत पोकळ.' 'रंग नवाकोरा, म्हणजे काहीतरी झाकलंय.' अक्षर माझं, शब्द यांचे.

आमचे हे प्लंबर. एकतीस वर्षं लोकांच्या घरात पाणी आणण्यात आणि लोकांच्या घरातून पाणी बाहेर काढण्यात गेली. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांतला नळ मात्र ठिबकतो. "तो मालकाचा नळ आहे," असं म्हणून हे त्याखाली पातेलं सरकवतात.

घर बघायला गेलेली माणसं आधी खिडकी उघडतात. हे चपला काढून तडक न्हाणीघरात. तिथे गुडघे टेकून बसायचं (गुडघ्यांची कुरकुर बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येते) आणि बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवत जायचं. मी तोवर मालकिणीशी काहीतरी बोलत उभी. काय बोलणार? "हवा छान आहे हो तुमच्याकडे." तेवीसच्या तेवीस घरांत हवा छान होती.

सासूबाई म्हणायच्या, "हा घर बघायला जातो का मोरी तपासायला? उद्या देवाने वरून घर पाठवलं तरी आधी खाली वाकून बघेल, गळतंय का."

आमच्या दलालाला त्यांनीच नाव ठेवलं, पंधरामिनिटे. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं त्याच्या मते पंधरा मिनिटांवर असतं. तोही थकला होता. तेविसाव्या घराच्या जिन्यात मला हळूच म्हणाला, "वहिनी, दादांना घर नको असेल तर तसं सांगा ना. मी वाईट वाटून घेणार नाही."

घर हवं होतं. आणि त्याच महिन्यात हवं होतं. बँकेने कर्ज मंजूर केल्याचं पत्र दिलं होतं, त्याची मुदत महिनाअखेर संपत होती. पुढच्या महिन्यात यांना पन्नास पूर्ण. बँकेतली मुलगी समजावून म्हणाली, "काका, नंतर नवा अर्ज केलात तर फेडायला वर्षं कमी मिळतील. हप्ता चढेल." चढलेला हप्ता आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणजे आता, नाहीतर कधीच नाही. मी रोज सकाळी देवापुढे बसून एकच मागत होते. महाल नको, यांना दोष सापडणार नाही असं एक न्हाणीघर दे.

चोविसावं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओट्यावर सकाळचं ऊन. देव कुठे ठेवायचे तो कोनाडा मी मनात ठरवूनही टाकला. किंमतही पत्रातल्या आकड्यात बसत होती. हे न्हाणीघरापाशी गेले आणि दारातच थांबले. बसले नाहीत, वाजवलं नाही.

"दादा, आज वाजवत नाही?" पंधरामिनिटेने विचारलं.

"नको," हे म्हणाले.

मला वाटलं, ऐकलं देवाने. उतरताना दुसऱ्या मजल्यावर हे क्षणभर थांबले, न्हाणीघराच्या बरोबर खालच्या घराचं बंद दार बघितलं आणि पुढे झाले.

घरी आल्यावर किती तरी वेळ हात धूत राहिले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "ते काम माझं आहे."

चौदा वर्षांपूर्वी ती इमारत उभी राहत असताना हे तिथे होते. न्हाणीघराला फरशी बसवायच्या आधी खाली पाणी अडवणारा लेप देतात, पाणी जायचं तोंड बोळ्याने बंद करतात आणि घोटाभर पाणी तीन दिवस कोंडून ठेवतात. खालच्या मजल्याचं छत कोरडं राहिलं, तरच वर फरशी. त्या इमारतीतलं हे शेवटचं न्हाणीघर. ताबा द्यायची तारीख तोंडावर आली होती. मुकादम म्हणाला, संध्याकाळी भर, सकाळी सोड.

"आणि तुम्ही सोडलंत?"

"सोडलं. खाली जाऊन छतसुद्धा पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या दुसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडलं ते शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी. एकट्याच राहतात. "वरचं घर बघितलंत वाटतं? मग हेही बघून घ्या," म्हणून त्यांनी सरळ न्हाणीघरात नेलं.

छताखाली चार कोपऱ्यांना बांधून एक प्लास्टिकचा कागद झोळीसारखा लटकवला होता. झोळीच्या मध्यातून एक सुतळी खाली सोडलेली. पाणी सुतळीवरून ओघळत बादलीत पडत होतं, अजिबात आवाज न करता. सगळं इतकं नीटनेटकं की बघवेना.

"आवाजाने झोप लागायची नाही, म्हणून सुतळी," बाई म्हणाल्या. "वर आताचे मालक धरून आजवर तिघं राहिले. प्रत्येक जण म्हणाला, बघतो. शाळेत गृहपाठ न आणणारी मुलंही असंच म्हणायची."

"बाई, ते काम मी केलं होतं," हे म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही?"

"हो."

"मग इतकी वर्षं होतात कुठे?"

मी बादलीकडे बघत राहिले.

परतताना मी म्हटलं, "झालं. हेही गेलं."

"हे घ्यायचं," हे म्हणाले.

मला रस्त्यातच रडू आलं. रागाने आलं. लोकांच्या चुकांपायी तेवीस घरं सोडली आणि गळतंय हे ठाऊक असलेलं घर घ्यायचं?

"बाकीच्या घरांत चूक कुठे आहे ते शोधावं लागलं असतं. ही कुठे आहे ते मला माहीत आहे," हे म्हणाले. "शिवाय दुसऱ्या कोणी घेतलं तर तो नुसता रंग मारेल."

"मग निदान गळतीचं सांगून किंमत तरी पाडून मागा."

"माझ्याच चुकीवर सूट मागू?"

मागायला हवी होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मालकाने गळतीचा शब्दही काढला नव्हता, तो काही साधुपुरुष नव्हता. त्या दिवशीच्या पानावर मी तसं लिहिलंही आहे. देवाला वाचायचं असेल तर वाचू दे.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी बँकेत गेलो. सह्यांची पानं येईपर्यंत हे खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेले. बँकेतल्या मुलीने दोनदा "काका, काका" करून उठवलं. इतक्या सह्या केल्या की शेवटच्या पानावरची सही पहिल्या सहीची लांबची नातेवाईक वाटत होती. "अभिनंदन काका," ती म्हणाली. यांनी तिला विचारलं, "तुमच्या इथला बेसिनचा नळ कधीपासून सैल आहे?"

घर घेतल्यावर लोक सामान हलवतात. आमच्याकडून आधी छिन्नी आणि हातोडा गेला. दिवसभराची कामं उरकून हे संध्याकाळी तिथे जायचे आणि फरशी फोडायचे. मी पोत्यात राडारोडा भरून तीन मजले खाली नेत होते. पाइप बदलला, लेप दिला, सुकू दिला, पुन्हा दिला. मग तोंडाला बोळा घालून घोटाभर पाणी भरलं आणि भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलची खूण केली.

सासूबाई बघायला आल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, "घर घेतलं म्हणालात. हे तर तळं घेतलंत." दोन वर्षांत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन. हसून झाल्यावर तिथेच भिंतीला टेकून बसले, उठवेना.

तीन दिवस हे सकाळ-संध्याकाळ खाली जात. "बाई, बघू का?" बाई दार उघडत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मीही गेले. यांनी स्टुलावर चढून झोळीच्या वर हात घातला आणि छताला तळवा लावून बराच वेळ ठेवला. जुना डाग तसाच होता. नवा थेंब नव्हता. बादली सकाळपासून कोरडी होती. बाईंनी बादलीत हात फिरवून पाहिला, एखाद्या मुलाची वही तपासावी तसा.

प्लास्टिक मात्र त्यांनी काढलं नाही. "आठवडाभर राहू दे," म्हणाल्या.

"महिनाभर राहू द्या," हे म्हणाले.

वर येऊन आम्ही रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलो. पाणी पेन्सिलच्या खुणेला होतं.

"आणखी एक दिवस ठेवू," हे म्हणाले.

मी ठेवू म्हटलं. मग दाराला कुलूप लावून आंघोळीला भाड्याच्या खोल्यांवर गेलो.