मार्लिसचा कोपरा

मार्लिस आणि तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन यांचं भांडण मी चर्चच्या तळघरात बटाटे सोलताना ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण कानांना काय झाकण असतं?

"गव्हर्नरांकडे पैसा नव्हता, ताई. इथला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करणं भागच होतं."

"आणि मैदानावर छप्पर घालायला होता ना?"

"तू कुठली गोष्ट कुठे नेतेस!"

"माझी नात साठ मैलांवरच्या हॉस्पिटलच्या रस्त्यात, गाडीतच जन्मली आणि गाडीतच गेली, व्हर्लिन. त्या माणसाच्या नावाखाली मी मेले तरी उभी राहणार नाही. तू खुशाल राहा. तुला रस्त्यांची कंत्राटं हवीत."

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्याकडे पाहिलं.

सहा वर्षांनी तोच गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाला. आधी आपल्याच पक्षात जिंकावं लागतं, आणि त्याची पहिली मोजणी आमच्या आयोवा राज्यात. मतपेटीबिटी नाही. जानेवारीत गाव शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये जमतं, जो तो आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि डोकी मोजतात. शंभरात पंधरा नसतील तर तो कोपरा मोडतो, माणसांनी दुसरीकडे जायचं. सगळं शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

गव्हर्नरांच्या विरोधात एक सिनेटरबाई होत्या. त्या मार्लिसच्या स्वयंपाकघरात बसून भट्टीत भाजलेल्या आंबटगोड रुबार्ब-पायचे दोन तुकडे खाऊन गेल्या. नातीसाठी विणलेला पिवळा स्वेटर मार्लिसने त्यांना दाखवला. बाईंनी तो मांडीवर घेतला, म्हणाल्या, "हे मी विसरणार नाही."

मग काय, मार्लिसने गावातलं एकही दार ठोठावायचं ठेवलं नाही. माझ्या अंगणात तर तिने न विचारताच बाईंच्या नावाची प्रचाराची पाटी रोवली. म्हणाली, "तुला विचारलं असतं तर तू ख्रिसमसपर्यंत विचार करत बसली असतीस."

मोजणीच्या चार दिवस आधी सिनेटरबाईंनी माघार घेतली आणि टीव्हीवर गव्हर्नरांचा हात धरून उंच केला. उपराष्ट्राध्यक्ष करणार होते म्हणे त्यांना.

त्या दुपारी मी मार्लिसकडे कॉफी पीत होते. फोन वाजला. तिचा चेहरा एकदम खुलला. "बाई, मी मार्लिस! वाटलंच मला, तुम्ही स्वतः सांगाल. स्वेटर आठवतो ना तुम्हाला?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. थांबतच नव्हता. मित्रहो, आता गव्हर्नरांच्या पाठीशी उभे राहा. टेप होती. मार्लिसने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मध्येच फोन ठेवणं तिला उद्धटपणाचं वाटायचं.

मोजणीच्या रात्री हॉलमध्ये तिने बिननावाचा कोपरा धरला. तसाही एक असतो, आम्ही कुणाचेच नाही म्हणणाऱ्यांचा. माणसं साठ, नऊ हवी होती. मार्लिस धरून आठ झाली. व्हर्लिन गव्हर्नरांच्या कोपऱ्यात होता. तिथे खुर्च्या मांडलेल्या. मीही तिथेच बसले होते. गुडघे दुखतात म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर माझ्या दारातला बर्फ हिवाळाभर व्हर्लिन काढतो.

फेरविचाराला अर्धा तास देतात. मार्लिस पलीकडून म्हणाली, "एल्डोरा, इकडे ये ना गं. खुर्ची मी आणते तुझ्यासाठी."

सगळ्यांनी ऐकलं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. रुमाल माझ्या हातातच होता.

कोपरा मोडला. सातजण पांगले. मार्लिस कुणाकडेच गेली नाही. कोट घातला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाट्या काढायला निघाली. हे काम नेहमी तिचंच, पाटी कुणाचीही असो. पाटी ज्या तारेवर रोवतात ती जमिनीत राहिली तर उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्रात अडकते. जानेवारीत जमीन दगड झालेली असते, म्हणून ती ज्याच्या त्याच्या घरी पाणी उकळवून घ्यायची आणि तारेच्या बुडाशी ओतायची. मार्चमध्ये ती झोपेतच गेली, तेव्हा ही तिची शेवटची फेरी. पण त्या सकाळी ते कुणाला ठाऊक?

"किटली ठेव," ती दारातून म्हणाली.

"मार्लिस, काल मी..."

"नीट उकळू दे. कोमट पाण्याने निघत नाही ती."

तिने पाणी ओतलं, तार हलवली, पाटी उपटून काखेत धरली आणि किटली माझ्यापुढे केली.

"अजून एकदा भर. व्हर्लिनच्या दारात गव्हर्नरांची आहे. त्याच्याकडे किटली नाही."

मी भरून दिली. वाफाळती किटली सांभाळत ती रस्ता ओलांडून भावाच्या अंगणाकडे गेली.