हात लावून उठवा

"फॉल डाउन," मास्तर म्हणाले आणि वेताच्या काठीनं त्यांनी मला पायरीवरून ढकललं. हात लावला नाही. मी तोंडावर पडले. हनुवटी फुटली, दातांत रक्त आलं. वर्ग एका सुरात ओरडला, "शी इज फॉलिंग डाउन."

जालन्याची शाळा. निजामी नुकतीच संपली होती. शाळेतली उर्दू गेली, इंग्रजी आली. मी महाराची पोर, म्हणून माझी जागा दाराबाहेर, वऱ्हांड्यात, घरून आणलेल्या पोत्यावर. कायद्यानं मी आत होते. मास्तरांचा कायदा वेगळा होता.

त्यांची शिकवायची रीत अशी, की एकानं करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी ते इंग्रजीत ओरडून सांगायचं. क्रियापद तेच, पण पुढचा शब्द बदलला की चाल बदलते, हे ते रोज सांगायचे. कम इन आणि सिट डाउन शेठजींच्या कमलाकडे. ती ऐटीत आत यायची, पहिल्या बाकावर बसायची, शाबासकी घ्यायची. गो आउट, गो अवे, गेट डाउन माझ्याकडे. गो राउंड म्हटलं की भर उन्हात मैदानातल्या लिंबाला फेऱ्या. वर्ग खिदळत माझं वर्णन करायचा. बाहेर हाकलायचे जेवढे शब्द त्या भाषेत आहेत, ते सगळे माझ्या अंगावरून गेले.

एकदा मी विचारलं होतं, "गुर्जी, कम इन मला द्या की."

"तुला काय करायचं कम इन? तू कुठं आत येऊन राह्यली?"

मी परत पोत्यावर जाऊन बसले होते. त्या बसण्याची मला अजून चीड येते.

आणि आता मी पायरीखाली पडले होते.

"गेट अप," मास्तर म्हणाले. "गो अवे. तोंड धुऊन ये जल्दी."

मी उठले. त्यांचं डोकं त्याच पायरीवर आपटावं असं वाटलं. अजूनही वाटतं. पायरी चढले, उंबरा ओलांडला आणि कमलाच्या शेजारी जाऊन बसले. ती किंचाळून पळाली. मी मोठ्यानं म्हणाले, "आय ॲम कमिंग इन. आय ॲम सिटिंग डाउन."

या वेळी वर्ग ओरडला नाही.

मग काठी. पाठीवर, कानावर, बोटांवर. एक नख उपटून आलं. मी बाकाची कड सोडली नाही.

"उचला रे हिला," मास्तर पोरांना म्हणाले.

कुणी हललं नाही. माझ्या दुप्पट अंगाची पोरं भिंतीला चिकटून उभी होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला इथून उठवायचं तर शिवावं लागेल, आणि शिवायची छाती एकाचीही नाही. माझ्या जन्माला चिकटवलेला विटाळ पहिल्यांदाच माझ्या बाजूनं उभा होता.

काठी मोडली. मास्तर धापा टाकत होते.

"हात लावा की, गुर्जी," मी म्हणाले. "हात लावून उठवा."

त्यांनी वर्ग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी काठी आणली. मी सुजल्या पाठीनं त्याच बाकावर जाऊन बसले. पोतं घरीच चुलीत घालून आले होते.

तेव्हापासून काठीनं मी उठत नाही. मला बाहेर काढायचं असेल त्यानं हात लावावा. आणि लावलेला हात मी धड परत जाऊ देणार नाही.